मोळी, आंघोळ आणि पुढचं पुस्तक

नवा ई-रीडर घेतला की पहिले दोन दिवस सेटिंग्जमध्ये जातात. फॉन्ट केवढा, समास किती, प्रकाश कमी की जास्त. तिसऱ्या दिवशी खरा प्रश्न समोर येतो: आता यावर वाचायचं काय? इंग्रजी वाचणाऱ्याला हा प्रश्न जेमतेम पाच मिनिटं छळतो, कारण दुकानच त्याला उत्तर देतं. मराठी वाचणाऱ्याला उत्तर स्वतः शोधावं लागतं, आणि त्या शोधातच त्याचं पुढच्या वर्षभराचं वाचन ठरून जातं. या लेखात त्या शोधाबद्दल आणि त्यातून हाताला लागणाऱ्या दोन पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. दोन्ही पुस्तकांचा नाशिकशी जवळचा संबंध आहे, दोन्ही कायद्याने मोकळी आहेत. त्यांच्या शेजारी एक तिसरं पुस्तक ठेवायचं आहे. तेही नाशिकच्याच माणसाचं, पण ते मोकळं नाही.

फुकटचं शेल्फ कसं तयार होतं

आधी थोडं तांत्रिक. सहा इंची पडद्यावर स्कॅन केलेली पीडीएफ वाचणं म्हणजे दाराच्या फटीतून सिनेमा बघणं. पान मोठं करा, सरकवा, पुन्हा लहान करा. ई-रीडरला हवा असतो वाहता मजकूर, म्हणजे ईपब किंवा त्याच्या जातीची फाइल. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. अशी फाइल बनवायला मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. मराठीची अडचण इथेच सुरू होते. युनिकोड रुळण्याआधी आपली बहुतेक पुस्तकं अशा फॉन्टमध्ये जुळवली गेली, ज्यांत देवनागरी फक्त डोळ्यांना दिसायची. आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असायची. त्या फाइलींचं ई-बुक करायचं तर मजकूर रूपांतरित करा, मग ओळीनओळ तपासा. हा खर्च कोण करणार?

प्रकाशक तो मोजक्या पुस्तकांसाठी करतात. किंडलवर मराठी पुस्तकांचा विभाग २०१६च्या डिसेंबरात अधिकृतपणे सुरू झाला, बुकगंगासारखी दुकानं स्वतःच्या ॲपवर मराठी ई-पुस्तकं विकतात. उरलेलं काम हौशी लोक करतात: मराठी विकिस्रोतावर टंकन आणि मुद्रितशोधन करणारे, ई-साहित्य प्रतिष्ठानसारखे मोफत पुस्तकं वाटणारे. हौशी लोक अर्थातच अशा पुस्तकांना हात घालतात ज्यांचा कॉपीराइट संपला आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो आणि पुढच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११पासून मोकळं आहे. लक्ष्मीबाई टिळक १९३६मध्ये गेल्या. त्या त्याच्याही आधी मोकळ्या झाल्या. मर्ढेकर १९५६चे, म्हणजे २०१७. खांडेकर १९७६चे, म्हणून २०३७. जी. ए. १९८७चे, म्हणून २०४८. कुसुमाग्रज २०६०, पु. ल. २०६१.

म्हणजे आपलं फुकटचं शेल्फ हे कुणा संपादकाने निवडलेलं नाही. ते मृत्यूच्या तारखांनी लावलेलं आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला डिफॉल्ट म्हणतात. डिफॉल्टची ताकद अशी की बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत. विद्यार्थी असताना किंवा नवी नोकरी असताना पुस्तकावर पैसे टाकायला हात आखडतो, तेव्हा तर नाहीच. त्यामुळे ‘पुढे काय वाचू’ असं विचारणाऱ्या कितीतरी जणांच्या यंत्रात पहिलं मराठी पुस्तक जातं ते ‘श्यामची आई’.

तुरुंगातलं पुस्तक

‘श्यामची आई’ कोकणातल्या पालगडची गोष्ट सांगते, पण ती लिहिली गेली नाशिकच्या तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्यचळवळीत शिक्षा भोगणाऱ्या साने गुरुजींनी तिचा मोठा भाग अवघ्या काही दिवसांत उतरवला. पुस्तक १९३५ला आलं. अत्र्यांनी १९५३मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर हे पुस्तक वाचलं नाही तरी वाचल्यासारखंच असतं, इतकं ते शाळेतून, वक्तृत्व स्पर्धांतून, आजीच्या तोंडून आपल्यात उतरलेलं असतं.

ई-रीडरवर ते पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. प्रकरणांना ‘रात्री’ म्हटलंय, रोज रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो. झोपण्यापूर्वी एक रात्र वाचावी, अशीच त्याची घडण आहे. मोबाइलवर एकामागून एक रील सरकवण्याची सवय लागलेल्या बोटांना हे पुस्तक सांगतं की आजच्यापुरतं एवढं बास. हा गुण खरा आहे. गद्यही खरं आहे. गुरुजींची वाक्यं छोटी, बोलकी, मुलांना समजतील अशी आहेत. रडवण्यासाठी ते शब्दांचं अवडंबर माजवत नाहीत. प्रसंग सांगतात, आणि मग उपदेशाचे दोन शब्द जास्तच बोलतात.

टीका करायची तर ती रडण्यावर करू नये. ती फार वेळा करून झाली आहे. मला थांबवतो तो दुसराच प्रसंग. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडली आहे. ती एकटीने डोक्यावर घेता येत नाही, आणि त्या आळीत तिला कुणी हात लावणार नाही. श्यामची आई श्यामला सांगते: जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

या सूचनेचे दोन भाग आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. आईच्या मनातली करुणा खोटी नाही. आळीचा रोष पत्करून ती मुलाला पुढे पाठवते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आणि आंघोळही खोटी नाही. विटाळ होतो, हे ती मानते. फक्त विटाळाच्या भीतीने मदत अडू नये, असं तिचं म्हणणं आहे. विटाळावर उपाय आहे, तो म्हणजे पाणी. लहानपणी हा प्रसंग ऐकताना आपल्याला पहिला भाग लक्षात राहतो. मोठेपणी दुसरा खटकतो. पण त्याहून महत्त्वाचं हे, की गोष्ट श्यामची आणि त्याच्या आईची आहे. म्हातारी मोळी घेऊन निघून जाते, आणि गोष्ट तिच्या मागे जात नाही.

गुरुजींना इथेच थांबवणं अन्यायाचं होईल. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केलं. आई जिथवर आली होती तिथून मुलगा बराच पुढे गेला. पण पुस्तक आईजवळच थांबतं, आणि फुकटच्या शेल्फवर आपल्याला पुस्तकच भेटतं, उपोषण नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नाही. ते ज्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं जात होतं, त्याच वर्षांत त्याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षं लढवला. दार उघडलं नाही. १९३५च्या ऑक्टोबरात, ‘श्यामची आई’ बाजारात आली त्याच वर्षी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मोळीवाल्या म्हातारीच्या बाजूने इतिहास बोलत होता. फक्त तो पुस्तकाच्या बाहेर बोलत होता.

जलालपूरचं पुस्तक

दुसरं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक १८६८मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या, माहेरच्या मनकर्णिका गोखले. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. ते कवी, फिरस्ते, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारे. १८९५मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या, आणि १९००मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आत्मचरित्राचे भाग १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९३६मध्ये नाशिकलाच त्या गेल्या, आणि शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही.

पुस्तकाची सुरुवात वडिलांच्या सोवळ्याने होते. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७च्या बंडानंतर फाशी गेले. त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुवायची, माणसं धुवायची, सगळं घर एका माणसाच्या भीतीभोवती फिरायचं. आजचा लेखक इथे मानसशास्त्र आणेल, आघाताचे परिणाम वगैरे समजावेल. लक्ष्मीबाई तसं काही करत नाहीत. त्या सांगतात आणि आपण हसतो. हसताना लक्षात येतं की या घरातल्या बायकांचे हात दिवसभर पाण्यात आहेत.

हा विनोद ‘स्मृतिचित्रे’चं सर्वांत मोठं बळ आहे, आणि तो गोड विनोद नाही. जे सहन केलं त्याचा हिशेब त्या मांडतात, फक्त आवाज चढवत नाहीत. नवऱ्याचा उल्लेख त्या ‘टिळक’ असा करतात. १८६८ला जन्मलेल्या बाईने, पुस्तकभर, नुसतं ‘टिळक’. त्या एका शब्दात अंतरही आहे आणि जवळीकही. माणूस पूज्य आहे, पण पात्र म्हणून तो माझ्या गोष्टीत आहे, मी त्याच्या गोष्टीत नाही. ‘श्यामची आई’त आई मुलाच्या डोळ्यांनी दिसते, म्हणून ती कधी चुकत नाही. ‘स्मृतिचित्रे’त बाई स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःला बघते, म्हणून ती चिडते, हट्ट करते, फसते, कधीकधी चक्क मजेदार वागते. आईपण हा तिच्या आयुष्याचा एक भाग आहे, अख्खं आयुष्य नाही.

आणि मग पाणी. टिळकांकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पुढे राहुरीच्या वाटेवर त्यांना प्रश्न पडतो: जात देवाने केली की माणसाने? त्या विचार करतात आणि ठरवतात की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. म्हणजे धर्म बदलला म्हणून जात सुटली, असं इथे झालं नाही. आधी जात सुटली.

आता हा प्रसंग मोळीच्या प्रसंगाशेजारी ठेवा. श्यामची आई म्हणते: मदत कर, मग आंघोळ कर. लक्ष्मीबाई म्हणतात: आंघोळ कशासाठी? एका पुस्तकात करुणा आहे, दुसऱ्यात विचार. करुणेने मोळी उचलली जाते आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण दुसऱ्या दिवशी मोळी पुन्हा पडेल, पुन्हा कुणाच्या तरी आईला दया यावी लागेल. विचार एकदाच करावा लागतो. म्हणूनच मला ‘स्मृतिचित्रे’ हे जास्त धाडसी पुस्तक वाटतं. ते जग धुणाऱ्या बापापासून सुरू होतं आणि धुणं थांबवणाऱ्या मुलीपर्यंत येतं. रामकुंडाच्या या गावात, जिथे पाण्याने सगळं शुद्ध होतं असं मानलं जातं, एका बाईने पाणी म्हणजे नुसतं प्यायचं पाणी असं ठरवलं.

ई-रीडरवर हे पुस्तक वाचणाऱ्याला दोन सूचना. एक, आवृत्ती बघा. ‘स्मृतिचित्रे’च्या संक्षिप्त आवृत्त्याही निघालेल्या आहेत, आणि कापताना या पुस्तकातला तिखटपणाच आधी कमी होतो. मूळ मजकूर मोकळा असला तरी नंतरच्या संपादकांच्या टीपा मोकळ्या नसतात; त्या हव्या असतील तर छापील आवृत्ती विकत घ्या, पैसे सार्थकी लागतील. दोन, शोध वापरा. युनिकोड फाइल मिळाली तर ‘पाणी’ आणि ‘सोवळे’ हे दोन शब्द शोधून बघा आणि त्यांच्यामागे पुस्तकभर चाला. जुन्या आवृत्तीवरून टंकलेला मजकूर असेल तर जुनं लेखन ध्यानात ठेवा: ‘घरांत’, ‘त्यांनीं’, ‘माझें’. नव्या लेखनाने शोधाल तर यंत्र म्हणेल काहीच सापडलं नाही, आणि पुस्तकात ते पानोपानी असेल. इंग्रजी अनुवादही आहेत, शांता गोखल्यांचा २०१७चा त्यांपैकी एक. पण लक्ष्मीबाईंचा विनोद मराठी क्रियापदांत आहे. आपली भाषा हाताशी असताना तो दुसऱ्या भाषेत का वाचा?

विहितगावचा माणूस

तरीही मोळीवाल्या म्हातारीचं काय? लक्ष्मीबाई तिच्या हातचं पाणी पितील. पण ती स्वतः काय म्हणते? फुकटच्या शेल्फवर याचं उत्तर अजिबात नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. मुक्ता साळवेचा निबंध १८५५चा आहे, मांग-महारांच्या दुःखाविषयी, चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेला. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ची. फुल्यांचा ‘गुलामगिरी’ १८७३चा, ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३मध्ये लिहिलेला. हे सगळं मोकळं आहे, आणि आपण ते उघडत नाही याचा दोष कायद्याला देता येणार नाही. पण हे निबंध आहेत, वादविवाद आहेत. म्हातारीच्या घरी जाणारी गोष्ट, आतून सांगितलेली, मराठीत मोठ्या प्रमाणावर आली ती स्वातंत्र्यानंतर. आणि ती सगळी अजून कॉपीराइटच्या कुंपणात आहे.

बाबुराव बागूल नाशिकच्या विहितगावचे, १९३०चा जन्म. मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात वाढले, पुढे नाशिकला राहिले आणि इथेच २००८मध्ये गेले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो. खोली मिळावी म्हणून जात लपवतो. ती उघड होते आणि त्याला मार बसतो. एवढंच कथानक. पण सुरुवातीला हा तरुण उत्साहाने फुललेला आहे. नवा देश, नवी नोकरी, कविता, माणुसकीवर विश्वास. बागूल त्याला आधी इतकं उंच नेतात की पडणं आपल्याला ऐकू येतं.

सानेगुरुजींच्या मऊ गद्यानंतर बागुलांचं गद्य कानात घुसतं. वाक्यांवर वाक्यं चढतात, विशेषणं आदळतात, आवाज सतत वरच्या पट्टीत. ही उणीव आहे का? काही कथांत आहे. तिथे लेखकाचा संताप पात्रांना बोलू देत नाही. पण शीर्षककथेत तो आवाज नेमका जागेवर आहे. जन्मभर दबक्या आवाजात बोलायला लावलेल्या माणसाने गोष्ट सांगायला घेतल्यावर ती लक्ष्मीबाईंसारखी खालच्या सुरात सांगावी, ही अपेक्षा आपण का करावी? शांत विनोद करायला मागे थोडी सुरक्षितता लागते. लक्ष्मीबाईंनी सगळं सोडलं, पण भाड्याची खोली शोधताना त्यांना आडनाव चोरावं लागलं नव्हतं.

आज पुण्या-बेंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या कुणालाही ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घरमालक नाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग गाव. साठ वर्षांपूर्वीची कथा आहे, असं स्वतःला सांगत वाचायला बसावं, आणि मधेच कधीतरी आपण तारीख विसरतो.

हे पुस्तक कायद्याने मोकळं होईल १ जानेवारी २०६९ला. मी तेव्हा सत्तरी ओलांडलेली असेन. अण्णाभाऊ साठे १९६९मध्ये गेले, म्हणून ‘फकिरा’ १ जानेवारी २०३०ला मोकळी होईल. ती तारीख विकिस्रोतावर टंकन करणाऱ्यांनी आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवायला हरकत नाही. लेखकाला आणि त्याच्या घरच्यांना साठ वर्षं मोबदला मिळावा, याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की फुकट तेवढंच वाचणाऱ्या पिढीच्या यंत्रात मोळी उचलणारे येतील आणि मोळीवाली येणार नाही. कुणी तसं ठरवलेलं नसतानाही.

मग पुढे काय?

नाशिकने या प्रश्नाचं एक उत्तर आधीच शोधून ठेवलं आहे आणि ते कागदी आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानड्यांनी २००९मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटी तुमच्या सोसायटीत येते, काही महिन्यांनी बदलून दुसरी येते. त्या पेटीची गंमत अशी की ती तुम्ही भरलेली नसते. तुमच्या आधीच्या वाचनावरून तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज ती बांधत नाही. त्यामुळे तुम्ही कधीच मागितलं नसतं असं पुस्तक हातात येतं. ई-रीडरचं दुकान याच्या नेमकं उलट वागतं: ‘श्यामची आई’ उतरवलीत ना, मग घ्या आणखी दहा संस्कारकथा.

तेव्हा स्वतःची पेटी स्वतः भरायची, पण थोडं स्वतःच्या विरुद्ध जाऊन. माझा क्रम असा. आधी ‘स्मृतिचित्रे’, कारण ते या तिघांत सगळ्यात वाचनीय आहे आणि शंभर टक्के करमणूक करतं. मग बागुलांचा कथासंग्रह, ई-बुक मिळो न मिळो. नाही मिळालं तर कागदी आणा, वाचनालयातून आणा. १८४०पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय गावात असताना पुस्तक पडद्यावरच हवं असा हट्ट कशाला? मुक्ता साळवेचा निबंध मधल्या एखाद्या संध्याकाळी; तो एका बैठकीत होतो. आणि शेवटी ‘श्यामची आई’, रोज एक रात्र. लहानपणी ती पहिली भेटली होती. आता ती शेवटी वाचून बघा. मोळीचा प्रसंग येईल तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईकडे तुमचं लक्ष आधी जाईल, आणि ती निघून जाताना कुठल्या दिशेला गेली, हे बघायला तुम्ही मान वळवाल.